कवटी राहू दे, मागचा पंख दाखवा

पाऊस जरा स्थिरावला की दरवर्षी तोच फोटो वेगवेगळ्या ग्रुपवर फिरायला लागतो. पोर्चमधल्या ट्यूबलाईटखाली भिंतीवर बसलेला तळहाताएवढा काळपट पतंग, पाठीवर पिवळट रंगाची माणसाची कवटी, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं असतं की हा अत्यंत दुर्मिळ आफ्रिकन पतंग आमच्या तालुक्यात पहिल्यांदाच सापडला. मग एक जण म्हणतो ॲट्रोपॉस, दुसरा म्हणतो लॅकेसिस, तिसरा म्हणतो घरात आला म्हणजे अपशकुन, मारून टाका. ह्या पतंगावर मला कधीपासून नीट लिहायचं होतं, कारण हा माझा सगळ्यात लाडका पतंग आहे आणि बहुतेक लोक त्याची ओळख जिथे सापडणारच नाही तिथे शोधत बसतात, म्हणजे कवटीत.

आधी हे सांगतो की ह्या कवटीवाल्या पतंगाला इंग्रजीत डेथ्स-हेड हॉकमॉथ म्हणतात, पण त्या नावाचा एकच एक पतंग नाहीये. ॲकेरॉन्शिया ह्या गणात, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, जगात तीन जाती आहेत. ॲट्रोपॉस, तिचं नाव स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली ठेवलं. लॅकेसिस, फॅब्रिशियसने १७९८ ला वर्णन केलेली. आणि स्टिक्स, वेस्टवूडची, १८४७. तिघांच्याही पाठीवर कवटी असते. तिघंही मध चोरतात, तिघंही हातात धरले की चिरचिर ओरडतात, तिघांचंही पोट पिवळं-काळं पट्ट्यांचं. म्हणजे लोक ज्या ज्या गोष्टींमुळे दचकतात किंवा भारावून जातात त्या सगळ्या तिघांमध्ये सारख्याच आहेत. त्यामुळे कवटी दिसली की तुम्हाला गण कळला, पण जात कळली नाही, आणि कवटीचा फोटो कितीही झूम केला तरी ती कळणार नाही. कवटीचा रंग फिका-गडद होतो, डोळ्यांची भोकं कमी-जास्त ठळक असतात, आणि पतंग म्हातारा झाला की पाठीवरचे खवले झडून कवटी अर्धी पुसली पण जाते. तिच्यावर भिस्त ठेवायची नाही.

आता आपल्याकडे कोणता? ॲट्रोपॉस हा आफ्रिकेतला, तिथून भूमध्य समुद्राच्या आसपास, मध्यपूर्वेत आणि उन्हाळ्यात उडत उडत युरोपात वरपर्यंत जाणारा पतंग आहे. भारतात तो नाही. आपल्याकडे दोनच, लॅकेसिस आणि स्टिक्स, आणि हे दोन्ही महाराष्ट्रात आहेत, गोव्यात आहेत, एकाच गावात एकाच दिव्यावर येऊ शकतात. म्हणून कुठे सापडला ह्यावरून ॲट्रोपॉसला बाद करता येतं, पण उरलेल्या दोघांमध्ये निवाडा करता येत नाही. आणि "दुर्मिळ" हा शब्द तर कृपया सोडून द्या. तिळाचा शेतकरी ह्यातल्या एकाला पिकावरची कीड म्हणून चांगला ओळखतो, त्यावर पुढे येतोच.

इंटरनेटवर ॲट्रोपॉस नाव इतकं पसरलंय त्याचं कारण सरळ आहे, युरोपात तोच एक येतो, सगळी जुनी चित्रं, जुने लेख, बहुतेक संशोधन त्याच्यावर आहे. सर्चमध्ये पहिला तोच दिसतो, फोटोवरून ओळख सांगणारं ॲप पण कित्येकदा पहिला त्यालाच सुचवतं, आणि आपण ओके दाबून मोकळे होतो. भारतातला फोटो आणि नाव ॲट्रोपॉस, असं दिसलं की मी तरी लगेच खाली लिहितो की बाबा रे, मागचा पंख दाखव.

तर मागचा पंख. लॅकेसिस आणि स्टिक्स ह्यांच्यात फरक करायला हीच सगळ्यात भरवशाची जागा आहे. मागचे पंख दोघांचेही पिवळे, त्यावर काळे आडवे पट्टे. पण लॅकेसिसमध्ये पंख जिथे शरीराला जोडला जातो तिथे, अगदी मुळाशी, एक मोठा काळा डाग असतो. म्हणजे मुळाशी काळं, मग पिवळं, मग काळा पट्टा, परत पिवळं, परत काळा पट्टा. पट्टेही चांगले रुंद, त्यामुळे एकूण पंख पिवळ्यापेक्षा काळाच जास्त वाटतो. स्टिक्समध्ये मुळाशी तो डाग नाही, तिथे स्वच्छ पिवळं असतं आणि पट्टे बारीक, सगळा पंखच हळदीत बुडवून काढल्यासारखा दिसतो. एकदा दोन्ही शेजारी शेजारी बघितले की परत कधी शंका येत नाही. बाकीच्या खुणा विसरलात तरी चालेल, मुळाशी काळं का पिवळं एवढं लक्षात ठेवा.

अडचण अशी आहे की पतंग शांत बसलेला असतो तेव्हा पुढचे पंख छपरासारखे मिटून मागचे पंख पूर्ण झाकून टाकतो. ग्रुपवर येणारे शंभरातले बहुतेक फोटो ह्याच पोझमधले, वरून काढलेले, कवटी मधोमध फोकसमध्ये. दिसायला सुंदर, ओळखायला निरुपयोगी. मग करायचं काय? त्याला पकडायचं नाही, चिमटीत धरायचं नाही, खवले जातात. एखादी गवताची काडी घेऊन बाजूने हलकेच स्पर्श करायचा. हा पतंग घाबरला की पळून न जाता आधी समोरच्याला घाबरवायला बघतो, पंख वर उचलतो, पोट वाकवतो, पिवळं-काळं सगळं दाखवतो आणि ओरडतो. त्या दोन-चार सेकंदांत मोबाईल तयार पाहिजे, व्हिडिओ चालू ठेवला तर अजून बरं, नंतर त्यातली फ्रेम काढता येते. मागच्या पंखाचं मूळ दिसलं की झालं, परत त्रास द्यायचा नाही, लाईट बंद करायचा आणि त्याला जाऊ द्यायचं.

पंख उघडायला तयारच नसेल तर पोटाकडे बघा. लॅकेसिसच्या पोटावर वरून मधोमध जाणारा निळसर-राखाडी पट्टा चांगला रुंद असतो आणि दोन्ही बाजूंचा पिवळा रंग कमी, शेपटीकडे जाता जाता तर जवळजवळ काळाच. स्टिक्सचं पोट जास्त पिवळं आणि मधला निळसर पट्टा अरुंद. पुढच्या पंखांचा एकूण रंगही उपयोगी पडतो, लॅकेसिस जास्त गडद आणि एकसारखा तपकिरी-काळा, स्टिक्सच्या पंखावर फिकट तपकिरी आणि करड्या छटांची नक्षी जास्त खुललेली. पण ह्या रंगाच्या खुणा मी दुसऱ्या नंबरवर ठेवतो, कारण ट्यूबलाईटमध्ये वेगळा रंग, फ्लॅशमध्ये वेगळा, आणि झिजलेल्या पतंगात आणखीन तिसराच. आकारावर तर अजिबात जाऊ नका. लॅकेसिस तिघांत सर्वात मोठा, पंख पसरले की १३ सेंटीमीटरपर्यंत जातो, आणि स्टिक्स साधारण ८ ते १२, पण मधल्या मापात दोघांची सरमिसळ होते आणि उपाशी वाढलेल्या अळीचा पतंग लहानच निघतो.

आता तिसऱ्याचा विषय, ॲट्रोपॉस आणि स्टिक्स. भारतात बसून हा प्रश्न पडत नाही, पण आखातात आपली मराठी माणसं भरपूर आहेत आणि तिथून फोटो येतात, आणि तिथे मात्र हा प्रश्न खरा आहे. स्टिक्स पश्चिमेकडे इराक-सौदीपर्यंत जातो आणि ॲट्रोपॉस मध्यपूर्वेत येतो, म्हणजे दोघांचे प्रदेश तिथे एकमेकांवर चढतात. ह्या दोघांच्या मागच्या पंखाच्या मुळाशी काळा डाग नसतो, म्हणून आपली हुकमी खूण इथे चालत नाही, इथे पतंग उलटा बघावा लागतो. पोटाच्या खालच्या बाजूला आडव्या गडद पट्ट्या असतील तर ॲट्रोपॉस, नसतील तर स्टिक्स. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला मध्यभागी एक पट्टा असेल तर ॲट्रोपॉस, दोन असतील तर स्टिक्स. शिवाय पुढच्या पंखाच्या वरच्या बाजूला मधोमध एक छोटासा ठिपका असतो, तो स्टिक्समध्ये नारिंगी आणि ॲट्रोपॉसमध्ये बहुतेक वेळा पांढरट. आणि स्टिक्सच्या मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात, बाहेरच्या काळ्या पट्ट्यात अडकलेला एक पुसट निळा ठिपका बहुधा असतो. खालची बाजू दिसायची सोपी युक्ती म्हणजे काच. पतंग खिडकीच्या काचेवर बाहेरून बसला की आतून पोटाचा फोटो मिळतो, त्याला हात न लावता. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना एवढी यातायात नको, तिकडे आपणहून उडत येतो तो ॲट्रोपॉसच.

इथे जरा थांबून ह्यांच्या भाऊबंदांचं पण सांगतो, कारण कवटी पुसली गेली असेल तर लोक भलत्याच पतंगाला हे नाव देतात. अग्रियस कॉन्व्हॉल्व्युली नावाचा राखाडी हॉकमॉथ आपल्याकडे खूप दिसतो, तो ॲकेरॉन्शियाचा जवळचाच नातलग, पण त्याच्या पोटाच्या बाजूला पिवळ्याऐवजी गुलाबी पट्टे असतात. आणि सोंड! अग्रियसची सोंड शरीराहूनही लांब, संध्याकाळी लांब नळीच्या फुलांसमोर हवेत तरंगत राहून तो मध पितो. ॲकेरॉन्शियाची सोंड आखूड, जाड आणि टोकदार, फुलाच्या नळीत घालायला नाही तर मेणाची झाकणं भोसकायला बनलेली. सायलोग्रामा नावाचा दुसरा हॉकमॉथही राखाडी, पाठीच्या कडेला काळ्या रेघा, पण पोटावर पिवळं काही नाही. म्हणजे पोट पिवळं, गुलाबी, का नुसतं राखाडी, एवढं बघितलं तरी हे तीन गण वेगळे होतात.

मला कायम विचारतात की एवढं करून फायदा काय, पतंग तो पतंग. मला हा प्रश्न आवडतो, कारण ह्याचं उत्तर माझ्याकडे पक्कं आहे. ह्या तिघांबद्दल आपण जे जे "माहीत आहे" म्हणून फॉरवर्ड करतो ते बहुतेक सगळं ॲट्रोपॉसचं आहे. मधमाशीच्या पोळ्यात शिरताना हा पतंग अंगावरच्या वासाने माश्यांना फसवतो, हे बरोबर आहे, पण १९९१ साली प्रसिद्ध झालेलं त्याच्या अंगावरच्या फॅटी ॲसिडचं ते काम ॲट्रोपॉसवरचं. तो ओरडतो कसा, म्हणजे घशात हवा आत ओढून आणि परत बाहेर सोडून, असा दोन टप्प्यांचा आवाज, ह्याचा बारकाईने तपास २०१५ च्या एका संशोधनात झाला, तोही ॲट्रोपॉसवर. आणि २०२२ मध्ये सायन्स ह्या संशोधन नियतकालिकात जे आलं, जर्मनीतून पतंगांच्या अंगावर इवलासा रेडिओ ट्रान्समीटर बसवून आल्प्सच्या दिशेने छोट्या विमानातून रात्री त्यांचा पाठलाग केला, वारा उलटा असला तरी ते सरळ रेषेत उडत राहिले, ते पण ॲट्रोपॉसच. अप्रतिम काम आहे ते, मी कितीतरी जणांना सांगितलंय. पण आपल्या अंगणातल्या स्टिक्सच्या फोटोखाली "हा पतंग आल्प्स ओलांडतो" असं लिहिलं की एका प्राण्याचं आयुष्य दुसऱ्याच्या नावावर चढवलं जातं, आणि आपल्याकडच्या दोघांचं स्वतःचं आयुष्य काय आहे हे विचारायचं राहूनच जातं. लॅकेसिस सह्याद्रीत कुठल्या महिन्यात जास्त दिसतो? स्टिक्स कोरड्या भागात उन्हाळ्यात काय करतो? ही उत्तरं आपल्या फोटोंमधूनच यायला पाहिजेत, आणि फोटोवर जात बरोबर लिहिलेली असेल तरच येतील. जुलैच्या शेवटी नॅशनल मॉथ वीक, म्हणजे पतंगांच्या नोंदी करायचा आठवडा असतो, आता आपल्याकडेही बरेच जण दिवा आणि पांढरा पडदा लावून पतंगांची वाट बघत बसतात, त्या आठवड्यातले फोटो आयनॅचरलिस्ट नाहीतर इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल अशा निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाकताना मागच्या पंखाचा एक फोटो जोडला तर त्या नोंदीचं वजन कितीतरी वाढतं.

मधपाळांकडे तर ह्याचा खजिना पडलेला असतो असं माझं मत आहे. सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी मधमाशीच्या पेटीत हे पतंग रात्री घुसतात, मध पितात, कधी सुखरूप बाहेर पडतात, कधी माश्या त्यांना घेरून मारतात. पेटी साफ करताना तळपाटावर मेलेला पतंग किंवा त्याचे सुटे पंख सापडतात आणि ते झटकून फेकून देतात. तो मागचा सुटा पंख फेकायच्या आधी एकदा बघा! महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तिकडे घरोघरी पेट्या आहेत, अशा गावांत वर्षभर नुसते सुटे पंख तारीख टाकून पाकिटात ठेवले तरी लॅकेसिस जास्त येतो का स्टिक्स, कुठल्या हंगामात, हे कळायला लागेल. त्यासाठी पतंग मारायची काही गरज नाही, पेटीचं दार अरुंद केलं की एवढा जाडजूड पतंग आत शिरू शकत नाही.

आता अळी. तिळाच्या शेतात, खानदेश असो, मराठवाडा असो, विदर्भ असो, बोटाएवढी जाड हिरवी किंवा पिवळी अळी दिसते, अंगावर दोन्ही बाजूंना तिरके पट्टे, शेपटाला शिंग, आणि झाडाखाली मिऱ्याहून मोठ्या लेंड्या. ही बहुतेक वेळा स्टिक्सची, पिकांच्या किडींच्या यादीत तिळाचा हॉकमॉथ म्हणून स्टिक्सचंच नाव असतं. पण झाडावरून जात ठरवू नका, कारण लॅकेसिस आणि स्टिक्स दोघांच्या अळ्या बऱ्याच वेगवेगळ्या झाडांवर वाढतात, वांगं, बटाटा, धोत्रा अशा वर्गातल्या झाडांवर दोघंही असू शकतात. रंगावरूनही नाही, दोघांमध्ये हिरव्या, पिवळ्या आणि तपकिरी अशा वेगवेगळ्या रंगाच्या अळ्या निघतात. गण ओळखायचा असेल तर शिंग बघा, ॲकेरॉन्शियाचं शिंग दाणेदार, खरखरीत आणि टोकाला वळलेलं, तर रताळ्याच्या वेलावर सापडणाऱ्या अग्रियसच्या अळीचं शिंग गुळगुळीत, चकचकीत. आणि घाबरू नका, ते शिंग टोचत नाही, त्यात विष नाही, अळी फार तर जबडे आपटून कटकट आवाज करेल.

शेतात अळ्या थोड्या असतील तर हाताने वेचणं सगळ्यात सोपं, एवढी मोठी अळी लपून राहत नाही. वेचलेल्या सगळ्या मारून टाकायच्या आधी माझी एक विनंती आहे, एखाद-दुसरी वाढवून बघा. जात खात्रीने कळायचा तोच रस्ता आहे. प्लॅस्टिकचा मोठा डबा घ्या, झाकणाला बारीक भोकं, तळाला वीतभर भुसभुशीत किंचित ओलसर माती, आणि ज्या झाडावर सापडली त्याचीच ताजी पानं रोज, दुसरी पानं द्यायची नाहीत. लेंड्या रोज काढायच्या नाहीतर बुरशी येते. अळीचा रंग मळकट झाला, खाणं थांबलं, डब्यात गोल गोल फिरायला लागली की ती मातीत शिरायच्या तयारीत आहे, मग तिला अजिबात उकरून बघायचं नाही, मातीच्या आत ती स्वतःची पोकळी करून कोष करते आणि ती पोकळी मोडली तर पतंग नीट बाहेर येत नाही. डब्यात एक खरबरीत काटकी उभी करून ठेवा, कारण बाहेर आल्यावर पतंगाला वर चढून पंख लोंबते ठेवायला जागा लागते. रात्री बाहेर आलेला पतंग पंख वाळेपर्यंत तसाच लटकून असतो, खवला न् खवला ताजा, तेव्हा मागच्या पंखाचा आणि पोटाच्या खालच्या बाजूचा असे दोन फोटो काढा, सोबत अळीचा आधी काढलेला फोटो आणि झाडाचं नाव जोडा, आणि संध्याकाळी अंधार पडला की डब्याचं झाकण अंगणात उघडं ठेवा. यवतमाळ, जळगाव, लातूर, जिथे कुठे तीळ पेरता तिथून अशी अळीपासून पतंगापर्यंत पूर्ण नोंद कुणी पाठवली तर मला खूप आनंद होईल, आणि मुळाशी काळं का पिवळं एवढं तुम्ही स्वतःच लिहून पाठवा.